तीन सूत

फ्लॅट बघायला गेलेला माणूस काय काय विचारत नाही! कार्पेट किती, बिल्टअप किती, पाणी किती वाजता येतं, कॉर्पोरेशनचं की टँकरचं, लिफ्टला बॅकअप आहे का, वरच्या मजल्यावर मिक्सर किती वाजता लागतो. तो नळ सोडून बघतो, फ्लश ओढून बघतो, खिडकीबाहेर हात काढून वारा किती येतो त्याचा अंदाज घेतो. भिंतीवर बोटाने टकटक करून ‘हं’ असा हुंकार देतो, जसं काही भिंतीने गुन्हा कबूल केला. पण हॉलची फरशी सपाट आहे का, हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फरशी खाली असते, आपण वर असतो, विषय संपला.

आणि एरवी तो संपलेलाच असतो. सोफ्याला काही फरक पडत नाही, कारण त्यावरचा माणूस तसाही एका अंगावर कलून टीव्ही बघत असतो. कपाटाचं एक दार आपसूक उघडतं, तर ती दाराची खोड. जेवणाच्या टेबलावरून मटार नेहमी एकाच बाजूला घरंगळतात, तर सोलणारीचं लक्ष नाही. नातवाचा चेंडू दर वेळी बाल्कनीच्या दाराशीच जाऊन थांबतो. आजी कौतुकाने सांगते, ‘बघा, आत्तापासून बाहेर जायची केवढी हौस!’ हौस नातवाला असेल, चेंडूला नसते. चेंडू गेली काही वर्षं फरशीचा ढाळ दाखवतोय आणि कुणी मनावर घेत नाही.

हे सगळं बिंग फुटतं ते घरात फिशटँक आल्यावर.

पाण्याला भीड नसते. पाणी बिल्डरला ओळखत नाही, गवंड्याची बाजू घेत नाही आणि ‘एवढं चालतं हो’ हे वाक्य त्याला कळत नाही. चार फुटांच्या टाकीत ते शांतपणे आडवं होतं आणि वरच्या कडेशी स्वतःची रेघ ओढतं. काचेची कड एक रेघ, पाणी दुसरी रेघ. डावीकडे दोन्हींमध्ये अंगठ्याएवढं अंतर आणि उजवीकडे जेमतेम करंगळी. आमच्या घरात कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधणारी माणसं आहेत. रस्त्यातला खड्डा त्यांना आत पडल्यावर दिसतो. पण या दोन रेघांतला फरक त्यांना सोफ्यावरून, बातम्या बघता बघता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला. एकदा दिसला की मग मासे दिसत नाहीत. पाहुणे येतात, ‘अय्या, किती गोड’ म्हणतात, आणि पुढच्याच क्षणी त्यांची मान हळूच उजवीकडे कलते.

मोठी मत्स्यालयं या बाबतीत हुशार असतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. शाळेच्या सहलीत बोट धरून तिथे फिरलेल्या पिढ्यांपैकी कुणी ‘बाई, पाणी तिरकं आहे’ असं म्हटल्याचं आठवत नाही. मोठ्या टाक्यांत काच भिंतीत बसवलेली असते आणि पाण्याची वरची रेघ चौकटीआड जाते. घरगुती टाक्यांवर ती काळी पट्टी किंवा लाकडी टोपी असते, तिचंही निम्मं काम हेच. दुकानदार तिला ‘लुक येतो’ म्हणून विकतात. खरं तर ती झाकपाक असते.

ढाळ दिसल्यावर मराठी घरात पहिला उपाय निघतो तो कागदाचा. हलणाऱ्या पायाखाली घडी घालून सारायचा कागद ही आपली फार जुनी विद्या आहे, आणि प्रत्येक घरात तिचा एक जाणकार असतो. तो खाली वाकतो, गाल जमिनीला टेकवतो, एक डोळा मिटतो आणि जाहीर करतो, ‘चार घड्या.’ साधा वर्तमानपत्राचा कागद शिकाऊ लोक वापरतात. मुरलेला माणूस लग्नपत्रिका मागतो. जाड पुठ्ठा, त्यावर सोनेरी वर्ख, आत बटर पेपर, म्हणजे जाडी आयतीच मिळते. शिवाय ज्यांच्याकडे जेवण बरं नव्हतं त्यांची पत्रिका वापरली की एक वेगळं समाधान. पत्रिका नसेल तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यानंतर जुन्या चपलेचं रबर, आणि अगदीच गळ्याशी आलं तर रुपयाचं नाणं. आमच्या इमारतीत एका टेबलाच्या पायाखाली सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आहे. तिचा याहून चांगला उपयोग झाल्याचं मला माहीत नाही.

पण ही विद्या टेबलासाठी, तिपाईसाठी, फार तर शिलाई मशिनसाठी. फिशटँकचं वजन आपल्याला कळतच नाही, कारण दुकानातून येताना तो रिकामा असतो. दोन पोरं ‘उचल रे’ म्हणत तो जिन्यावरून आणतात. मग हिशेब सुरू होतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणून काठोकाठ धरली तर २५५ लिटर. पाण्याचा लिटर म्हणजे किलो. दहा मिलिमीटर जाडीची काच पन्नास किलोच्या घरात. तळाचे खडे, शोभेचा दगड, तो तोंड उघडमीट करणारा प्लास्टिकचा खजिन्याचा पेटारा, हे धरा तीसेक. सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आत-बाहेर. आणि हे कुणासाठी? तर ज्यांचं सगळ्यांचं मिळून वजन पाव किलो भरणार नाही अशा माशांसाठी.

एवढं ओझं पत्रिकेवर आलं की वधूवर दोघेही चेपतात. त्यात फिशटँकच्या आसपास जमीन ओली होणारच. पाणी बदलताना चार थेंब सांडणार, नळी निसटणार, मासा शेपटी मारणार. भिजलेला कागद लगदा होतो, पाय खाली बसतो आणि चारातले तीन पायच काय ते काम करतात. चौथा कंत्राटी.

ही बातमी घराबाहेर गेली, की बघायला माणसं येतात. फिशटँक बसवणं हे आपल्याकडे एकट्याचं काम नाही. ओटा बदलताना इतके लोक येत नाहीत.

पहिले आले खालच्या मजल्यावरचे काका. त्यांचा यात खरा संबंध होता, कारण आमची जमीन म्हणजे त्यांचं छत. त्यांच्या बाथरूमच्या छताला आधीपासून ओल होती आणि पोपडे धरले होते, ते वेगळं. ती तक्रार सोसायटीच्या फाइलीत वयात आली होती. पण हॉलच्या बाजूने आजवर काही त्रास नव्हता. ते चप्पल बाहेर काढून आत आले, टाकीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘हे सगळं माझ्या दिवाणावर आहे.’

आमचे मेव्हणे सिव्हिल इंजिनियर. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि समजावलं, की राहत्या घराच्या स्लॅबवर आपल्या भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. काकांनी बोटांवर हिशेब केला. टाकीखालची जागा अर्ध्या चौरस मीटरहून थोडी जास्त, वजन साडेतीनशे. ‘म्हणजे मीटरला सहाशे झाले!’ ते उभे राहिले. मेव्हण्यांनी त्यांना पुन्हा बसवलं. टाकीचं ओझं काही तिच्या खालच्याच चौकोनावर राहत नाही, ते स्लॅबमध्ये पसरतं, आजूबाजूचा मोकळा भाग मदतीला येतो. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध ठेवत नाहीत, भिंतीशी, बीमजवळ ठेवतात. ‘आणि काका,’ मेव्हणे म्हणाले, ‘संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच हॉलमध्ये पंचवीस बायका होत्या. सरासरी साठ किलो धरा. दीड टन झालं. तेव्हा तुम्ही खाली दिवाणावर झोपला होतात.’

काका गप्प झाले. पण हळदीकुंकू दोन तासांत आटोपतं आणि बायका आपापल्या घरी जातात, टाकी रात्रंदिवस तिथेच बसून असते, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता आलं. मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखाही नव्हता. लाकडाचा, प्लायचा स्टँड महिनोन्महिन्यांच्या ओझ्याने हळूहळू दबतो. टीव्ही युनिटचा भुसाबोर्ड तर पाणी लागलं की पुरीसारखा फुगतो, म्हणून त्यावर टाकी ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आणि भीती दोन्ही वाटते.

मग मेव्हण्यांनी खिशातून फोन काढला. आता फोनमध्ये सगळंच असतं, तशी लेव्हलही असते. त्यांनी तो स्टँडवर ठेवला. पडद्यावर गोल आला आणि आकडा आला, एक अंश. फोन उलटा फिरवून ठेवला, तर आकडा दोनावर गेला. तिसऱ्यांदा ठेवला, तर स्टँड विरुद्ध बाजूला कलला. शेवटी आमच्या चिरंजीवांनी मामाच्या लक्षात आणून दिलं, की फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचं जे टेंगूळ आहे त्यावर तो झुलतोय. कव्हर काढलं, टेंगूळ कडेबाहेर सोडलं, पण तोवर मेव्हण्यांचा शब्द उतरला होता.

बुडबुड्याची खरी लेव्हल जन्माला आली १६६१ च्या सुमारास. मेल्शिसेदेक थेवेनो नावाच्या फ्रेंच गृहस्थाचं ते काम, आणि पुढे हे राजाचे ग्रंथपाल झाले. काचेच्या नळीत स्पिरिट आणि एक बुडबुडा, बस. पाण्याऐवजी स्पिरिट का, तर ते थंडीत गोठत नाही आणि त्यात बुडबुडा चटकन सरकतो. या लेव्हलची परीक्षा घेण्याची सोपी रीत आहे: ठेवा, बुडबुडा बघा, मग तीच पट्टी टोकं अदलाबदल करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा तेच म्हणाला तर पट्टी खरी. वेगळं म्हणाला तर जमिनीच्या आधी पट्टीच दुरुस्तीला द्या. घरोघरी टूलबॉक्समध्ये असलेल्या लेव्हलपट्ट्यांवर हा प्रयोग करून बघायला हरकत नाही. मात्र पट्टी ज्यांनी भेट दिली ते समोर नसावेत.

मग आले वास्तूवाले. ते नात्याने आमच्या सौभाग्यवतींचे चुलत काका, त्यामुळे त्यांना फी नव्हती आणि त्यांना थांबवताही येत नव्हतं. टाकी हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात होती हे बघून ते प्रसन्न झाले. जलतत्त्व ईशान्येला हवं, उत्तम. मग त्यांनी वजन विचारलं. साडेतीनशे किलो ऐकून चेहरा पडला. कारण ईशान्य हलकी हवी. जड वस्तू नैऋत्येला. आता पाणी ईशान्येला हवं आणि जड नैऋत्येला हवं, तर साडेतीनशे किलो पाण्याने जायचं कुठे, असं मी अदबीने विचारलं. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, ‘मासे लहान ठेवा.’

जाता जाता त्यांनी फरशीचा ढाळही बघितला. तो बाल्कनीकडे, म्हणजे नेमका ईशान्येला. ‘हे मात्र घालवू नका,’ ते म्हणाले. ‘ईशान्येला उतार म्हणजे लक्ष्मी वाहत येते.’ सौभाग्यवतींनी माझ्याकडे बघितलं. लक्ष्मी बाल्कनीकडे, म्हणजे घरातून बाहेर वाहते आहे, हे आम्हा दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. चहा झालेला होता, म्हणून विषय तिथेच राहिला.

शेवटी गवंडी मिस्त्री आले. त्यांना खरं तर गॅलरीच्या दरजा भरायला बोलावलं होतं. टाकी रिकामी करून खाली उतरवलेली, लोखंडी स्टँड उघडा, भोवती वादावादी. त्यांनी काही न बोलता पिशवी खाली ठेवली, शर्टाच्या खिशातून दोरा काढला आणि स्टँडच्या चार कोपऱ्यांना तिरक्या दोन दोऱ्या ताणून बांधल्या, गुणाकाराच्या फुलीसारख्या. मग मधोमध जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे नाक नेलं. स्टँडचा माथा सपाट असेल तर तिथे दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकतात. इथे दोघींमध्ये फट होती. मिस्त्रींनी नखाने ती मोजली. ‘सूतभर पीळ आहे,’ ते म्हणाले. ‘वेल्डिंगला ओढला गेलाय.’

इतका वेळ आम्ही सगळे ढाळावर बोलत होतो आणि खरा रोग हा निघाला. स्टँड एका बाजूला उतरता असला तर पाणी वाईट दिसतं, एका टोकाला कडेपर्यंत येतं, पण काच त्याचं फारसं मनावर घेत नाही. सूत दोन सूत पाणी इकडे जास्त, तिकडे कमी, एवढ्याने दाब काही मोठा बदलत नाही. पीळ असला की मात्र गोष्ट वेगळी. स्टँडचे समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली, त्यावर तळाची काच. काचेला वाकायला सांगितलं तर ती वाकत नाही. ती आधी ऐकून घेते आणि मग एका रात्री एकदम उत्तर देते. नुसतं पाणी भरलं तरी या मापाच्या टाकीत समोरच्या काचेला पाणी सव्वाशे किलोच्या जोराने बाहेर रेटत असतं, आणि तिला धरून ठेवतो तो व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनचा पातळ सांधा. त्याला सरळ ओढलेलं सोसतं. वर पिळायला लागलात तर त्याचाही नाइलाज होतो. काचेखाली वाळूचा एखादा खडा राहिला तरी हाच प्रकार. सगळं ओझं त्या खड्याच्या टोकावर.

गंमत म्हणजे ती काच स्वतः इतकी सपाट का असते, तर तीसुद्धा पाण्यासारखीच बनते. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कारखान्याने १९५९ साली जगासमोर आणलेली ही पद्धत: वितळलेली काच वितळलेल्या कथलावर ओतायची. द्रव कथील आपोआप सपाट होतं, त्यावर तरंगणारी काचही सपाट होते, आणि तशीच गोठते. एवढ्या शिस्तीत वाढलेली काच आपण आणून वेल्डिंगवाल्याने ‘होऊन जाईल साहेब’ म्हणत जोडलेल्या स्टँडवर ठेवतो.

मेव्हण्यांनी इथे एक गणित काढलं. तीन पायांची तिवई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंना जमीन हवी तशी मिळते. चार पायांच्या चौकोनी टेबलासाठीही गणितज्ञांनी सिद्ध केलंय, की जमीन वरखाली असली तरी ती सलग असेल, मध्येच पायरी नसेल आणि चढउतार बेताचे असतील, तर टेबल जागच्या जागी फिरवत राहा. पाव फेरीच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतातच. काकांना हे फार आवडलं. त्यांनी ताबडतोब टाकी तिरकी ठेवायला सुचवलं. मग टाकीचा एक कोपरा सोफ्यात आणि दुसरा स्वयंपाकघराच्या दारात आला असता. शिवाय आपला स्टँड लांबट आणि पीळ पडलेला, त्याला ते गणित लागू नाही, आणि पाय टेकले म्हणजे माथा आडवा झाला असंही नाही. गणिताने डुगडुग जाते, ढाळ जात नाही. मेव्हणे ‘तत्त्वतः’ असं काहीतरी म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही.

मिस्त्रींनी पिशवीतून लेव्हलची नळी काढली. पारदर्शक प्लास्टिकची, बोटाएवढी जाड, वेटोळं केलेली, आत पाणी. जुने गवंडी या सगळ्या प्रकाराला पाणसळ म्हणतात. एक टोक इथे धरा, दुसरं हॉलच्या त्या टोकाला, मधली नळी खाली लोळत असली तरी चालते. दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. तिला बॅटरी लागत नाही, पाठीवर टेंगूळ नसतं. फक्त नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर ती खोटं बोलते, म्हणून मिस्त्री आधी तिला टिचक्या मारून मारून सगळे बुडबुडे बाहेर काढतात. हे काम त्यांनी इतक्या निवांतपणे केलं, की काकांनी दोनदा घड्याळ बघितलं.

नळीचं एक टोक धरण्याचं काम मला मिळालं. या कामाला शिक्षण लागत नाही, पण हलायचं नाही. ‘साहेब, अंगठा काढा.’ काढला. पाणी वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. ‘थांबलं का?’ ‘थांबतंय.’ ‘श्वास नका टाकू त्याच्यावर.’ भिंतीवर पेन्सिलच्या खुणा झाल्या. मग मिस्त्री पट्टी घेऊन खुणेपासून खाली मोजत गेले आणि निकाल लागला: स्टँडच्या लांबीत फरशी बाल्कनीकडे तीन सूत उतरलेली. आठ सुतांचा इंच, म्हणजे अर्ध्या इंचाला थोडं कमी. चेंडू खरं बोलत होता.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. आधी त्यांनी पायाखालच्या फरश्या मुठीने ठोकल्या. तीन फरश्या भरीव बोलल्या. चौथी ‘टण्’ अशी पोकळ वाजली, म्हणजे खाली मसाला नाही. त्या फरशीवर पाय येऊ नये म्हणून स्टँड वीतभर सरकवला. मग पिशवीतून फॉर्मायकाचे तुकडे निघाले, कुणाच्या तरी किचनच्या कामातून उरलेले. एकेक तुकडा मिलिमीटरभर. भिजत नाही, चेपत नाही. पायाच्या मापाचे चौकोन कापून ते उताराकडच्या पायांखाली पत्त्यांसारखे रचले, एकाखाली नऊ, दुसऱ्याखाली सात. दोन आकडे वेगळे का, असं मेव्हण्यांनी विचारलं. ‘पीळ,’ मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा दोऱ्यांकडे नाक नेलं. दोऱ्या टेकल्या.

पाचर स्टँडच्या पायाखाली. टाकीच्या तळाखाली कधीच नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. कारण आमच्या काकांच्या हातात तोवर एक लग्नपत्रिका आलीच होती आणि ते टाकीच्या कोपऱ्याकडे बघत होते.

लोखंडी चौकटीवर पाऊण इंची मरीन प्लाय, त्यावर अर्ध्या इंचाचं थर्माकोल, त्यावर टाकी. थर्माकोल जागच्या जागी दबतं आणि बारीकसारीक उंचसखलपणा पोटात घेतं. चौकटीचं बूड असलेल्या टाक्यांना ते लागत नाही, पण आपल्याकडच्या नुसत्या काचेच्या, सपाट बुडाच्या टाक्यांना लागतं. दुकानात विचारलं तर फुकट देतात, न विचारलं तर देत नाहीत. मोठा पीळ मात्र थर्माकोल झाकू शकत नाही, हे त्याच्याच बाजूने सांगितलं पाहिजे. बिचाऱ्याकडून फार अपेक्षा केली जाते.

मग चार बोटं पाणी. चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत टेपने माप. हे माप घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे घेतलं, कारण कुणाचाच दुसऱ्याच्या डोळ्यावर विश्वास नव्हता. चारही सारखे. अर्धी टाकी भरून रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा मोजली, मग पूर्ण भरली. पाण्याची रेघ आणि काचेची कड आता एकमेकींशेजारून अशा जात होत्या, की बघणाऱ्याची मान सरळ राहिली. टाकी सपाट झाल्यावर शेजारचं कपाट तिरकं दिसायला लागलं, मागची लग्नातल्या फोटोची फ्रेम तिरकी दिसायला लागली, आणि दरवाजाच्या चौकटीकडे तर आम्ही बघणंच टाळलं.

सगळे निघाले, पण काका निघेनात. मिस्त्री नळी गुंडाळत होते, तेवढ्यात काकांनी त्यांचं मनगट धरलं. ‘आलाच आहात तर यांच्या बाथरूमलाही एकदा ती नळी लावा. माझ्या छताला ओल कुठून येते ते एकदाचं कळू दे.’ नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. बाथरूमच्या फरशीला न्हाणी ट्रॅपकडे ढाळ असायलाच हवा, म्हणजे पाणी जाळीतून निघून जातं. नाहीतर ते तिथेच साचतं, सांध्यांत मुरतं आणि खालच्यांच्या छतातून डोकावतं.

मिस्त्री आत गेले. पुन्हा ‘अंगठा काढा’, पुन्हा ‘थांबलं का’. त्यांनी दारापासून जाळीपर्यंत मापं घेतली, मग भिंतीपासून जाळीपर्यंत घेतली, मग खात्रीसाठी पुन्हा एकदा. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराचं निखळ कौतुक होतं.

‘एकदम पाणसळीत आहे, साहेब,’ ते म्हणाले. ‘एका सुताचाही फरक नाही. ज्याने बसवली त्याचा हात फार चांगला.’

काकांनी एकदा बाथरूमकडे बघितलं, एकदा बाल्कनीकडे उतरत गेलेल्या हॉलकडे बघितलं. ‘अहो मग उलटं करा ना!’ ते म्हणाले. ‘मासे तिकडे न्या आणि आंघोळी हॉलमध्ये करा.’